आर्चरचा खटला कोणी चालवला?

दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैद्यांच्या छावण्यांवर हॉलीवूडने ढिगाने चित्रपट काढले. भुयार खणणारे, काटेरी तारा कापणारे, जर्मन पहारेकऱ्यांची टर उडवणारे गोरे वीर आपल्याकडच्या प्रेक्षकांनीही डोक्यावर घेतले. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' १९५७ सालचा, 'द ग्रेट एस्केप' १९६३ सालचा. दोन्ही चित्रपट म्हणून उत्तमच आहेत. पण या गाजलेल्या छावण्यांत काळा कैदी शोधावा लागतो. जणू काही हिटलरविरुद्धचे युद्ध फक्त गोऱ्यांनीच लढले आणि कैदेतही फक्त गोरेच गेले.

ही उणीव ज्या मोजक्या चित्रपटांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला, त्यात 'हार्ट्स वॉर' हा २००२ सालचा चित्रपट आम्ही महत्त्वाचा मानतो. ग्रेगरी हॉब्लिट त्याचे दिग्दर्शक. ब्रूस विलिस, कॉलिन फॅरेल आणि टेरेन्स हॉवर्ड हे त्यातील प्रमुख नट. तिकीटबारीवर तो आपटला. समीक्षकांनीही फारसे कौतुक केले नाही. युद्धपट पाहायला आलेल्यांना कोर्टातील वादविवाद मिळाले आणि कोर्टाचा चित्रपट पाहणाऱ्यांना भुयार मिळाले, असे काहीसे झाले असावे. चळवळीतील वाचकांनी मात्र तो अवश्य पाहावा. वकिली करणाऱ्यांनी तर दोनदा पाहावा.

कथानक थोडक्यात असे. डिसेंबर १९४४. बेल्जियममध्ये जर्मनांनी शेवटची मोठी चढाई केली आहे. टॉमी हार्ट हा अमेरिकन लेफ्टनंट त्यांच्या हाती लागतो. तो सिनेटरचा मुलगा आणि येल विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी. त्याला जर्मनीतील छावणीत आणले जाते. तेथील कैद्यांमधला सर्वात वरिष्ठ अमेरिकन अधिकारी कर्नल मॅकनामारा. चौकशीत हार्टने तोंड उघडले असणार हे हा कर्नल ओळखतो आणि त्याला अधिकाऱ्यांच्या बराकीत जागा न देता साध्या शिपायांच्या बराकीत धाडतो. काही दिवसांनी दोन काळे वैमानिक छावणीत येतात. लेफ्टनंट लिंकन स्कॉट आणि लेफ्टनंट लामार आर्चर. दोघेही टस्कीगीचे, म्हणजे अमेरिकन सैन्याने काळ्यांसाठी जी वेगळी वैमानिक तुकडी तयार केली तिच्यातले. हुद्द्याने अधिकारी. पण कर्नलसाहेब त्यांनाही शिपायांच्या बराकीतच पाठवतात. अधिकाऱ्यांच्या बराकीत म्हणे जागा नाही!

जागा नाही, हे वाक्य आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. भाड्याने खोली मागायला गेलेल्या आपल्या प्रत्येक नोकरदार माणसाने ते आडनाव सांगितल्यानंतर ऐकलेले आहे.

त्या बराकीत बेडफर्ड नावाचा एक गोरा सार्जंट आहे. पहारेकऱ्यांशी देवाणघेवाण करून सिगारेटी, बूट, काय लागेल ते मिळवून देणारा. सगळ्या बराकीला त्याची गरज, म्हणून त्याचा द्वेषही सगळ्यांना चालतो. तो आर्चरच्या बिछान्यात तंबू ठोकण्याची एक लोखंडी खुंटी लपवतो. जर्मन झडती घेतात, खुंटी सापडते आणि आर्चरला बाहेर नेऊन गोळ्या घालतात. चौकशी नाही, खटला नाही. थोड्याच दिवसांत बेडफर्डचा खून होतो. प्रेताजवळ स्कॉट सापडतो. आता मात्र कर्नल मॅकनामाराला कायदा आठवतो. तो छावणीच्या जर्मन प्रमुखाकडे, कर्नल व्हिसरकडे, कोर्ट मार्शल भरवण्याची परवानगी मागतो आणि बचावाचा वकील म्हणून कायद्याचे शिक्षण अर्धवट राहिलेल्या हार्टला उभे करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही हा चित्रपट आमच्या भागातील विहारात तरुणांना दाखवला होता. बहुतेकांनी शेवटाबद्दल, कर्नलच्या धाडसाबद्दल प्रश्न विचारले. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मात्र विचारले, 'सर, बेडफर्डच्या खुनाचा खटला झाला. आर्चरच्या खुनाचा कुठे झाला?'

झालाच नाही. चित्रपटात नाही आणि चित्रपट लिहिणाऱ्यांच्या मनातही फारसा नाही. आमच्या मते सगळ्या कथेची गाठ इथेच आहे. १९२९ च्या जिनिव्हा करारावर अमेरिका आणि जर्मनी दोघांच्याही सह्या होत्या. त्या करारानुसार पळून जाऊन पुन्हा पकडल्या गेलेल्या कैद्यालासुद्धा फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येत होती आणि अशी शिक्षा जास्तीत जास्त तीस दिवसांची कोठडी. बचावाची संधी दिल्याशिवाय कोणत्याही कैद्याला शिक्षा ठोठावता येत नव्हती. फाशीची किंवा गोळी घालण्याची शिक्षा झालीच, तर ती तटस्थ देशाच्या प्रतिनिधीला कळवून किमान तीन महिने थांबायचे होते. बिछान्यात खुंटी सापडली म्हणून त्याच रात्री गोळ्या घालणे हा सरळसरळ खून होता. मॅकनामारा तिथला वरिष्ठ अधिकारी. त्याने जर्मनांकडे लेखी निषेध नोंदवायचा, रेडक्रॉसकडे तक्रार मांडायची आणि मुख्य म्हणजे खुंटी कोणी ठेवली याची आपल्या माणसांत चौकशी करायची. यातले काहीही तो तडीला नेत नाही. काळा माणूस मेला तेव्हा ते युद्ध होते. गोरा माणूस मेला तेव्हा तो गुन्हा झाला.

आपल्याकडे कोर्टाची पायरी चढणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. वस्तीवर हल्ला होतो, माणसे ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला जातात, ठाण्यात दिवसभर बसवून ठेवले जाते. संध्याकाळपर्यंत त्यांच्याच पोरांवर दरोड्याची किंवा विनयभंगाची उलट फिर्याद दाखल झालेली असते. मग तडजोडीची भाषा सुरू होते. आमच्या वकिलीत ही क्रॉस केस इतक्या वेळा पाहिली की दोन्ही फिर्यादींवरची वेळ वाचून आम्ही काय घडले ते सांगू शकतो. १९८९ च्या कायद्यात कर्तव्यात हयगय करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद आहे, पण ती वापरलेली पाहायला डोळे थकतात. असो. हा विषय वेगळा.

परत छावणीकडे वळू. कोर्ट मार्शल ज्या प्रकारे भरते तोही एक नमुना आहे. ज्याने आरोपीला शिपायांच्या बराकीत टाकले तोच कर्नल न्यायाधीशांच्या खुर्चीवर. बचावाच्या वकिलाकडे कायद्याचे पुस्तकही नाही. ते त्याला कोण देतो? शत्रूचा अधिकारी! व्हिसर आपल्या कपाटातून अमेरिकन कोर्ट मार्शलचे नियमपुस्तक काढून हार्टला देतो. मुळात शत्रूच्या कैदेत असलेल्या कर्नलला असे न्यायालय भरवून मृत्युदंड देण्याचा अधिकार होता का, हाच पहिला आक्षेप घ्यायला हवा होता. अमेरिकन लष्करी कायद्यात मृत्युदंडाला वरिष्ठांची मंजुरी लागत असे आणि ती कैदेत मिळणार कशी? चित्रपटातला हार्ट उलटतपासणीत रंगतो, हा अधिकारक्षेत्राचा मुद्दा मात्र त्याच्या हातून निसटतो. जिल्हा कोर्टातला कोणताही मुरलेला वकील पहिल्या तारखेलाच तसा अर्ज देऊन मोकळा झाला असता.

हा खटला खरा नाही, हे हार्टला हळूहळू उमगते. कर्नलचे लोक भुयार खणत आहेत. छावणीजवळ बुटांच्या कारखान्याच्या नावाखाली दारूगोळ्याचा कारखाना चालतो, तो त्यांना उडवायचा आहे. सगळ्या जर्मनांचे लक्ष कोर्टाच्या नाटकाकडे लागले की भुयारातून बाहेर पडायचे. बेडफर्डला मारले तेही कर्नलच्याच गटाने, कारण तो शत्रूशी संधान बांधून होता. स्कॉट निर्दोष आहे हे कर्नलला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तरीही तो त्याला आरोपीच्या जागी उभा करतो. कारखाना उडाला तर हजारो सैनिकांचे प्राण वाचतील, त्यासाठी एकाचा बळी गेला तर काय बिघडले, असा त्याचा हिशेब.

हिशेब वरवर बिनतोड वाटतो. पण हा एक जण नेमका कोण, हे ठरवताना कर्नलला एक रात्रही जागावे लागलेले नाही. बराकीत एवढे गोरे असताना आरोपी म्हणून सगळ्यांना पटेल असा एकच माणूस होता आणि पटेल याचे कारण त्याचा रंग. 'आधी मोठे ध्येय, मग तुमचा प्रश्न' हा युक्तिवाद आपण वेगळ्या भाषेत फार ऐकला आहे. आधी स्वराज्य, मग अस्पृश्यता. आधी क्रांती, मग जात. बाबासाहेबांनी तो आयुष्यभर नाकारला. त्याबद्दल त्यांना देशद्रोही म्हणेपर्यंत काहींची मजल गेली. त्याच युद्धकाळात त्यांनी सैन्याची बंद दारे पुन्हा उघडण्याचा पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार पलटण उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केलेली महारांची भरती पहिल्या महायुद्धात गरज पडताच सुरू झाली होती आणि गरज संपताच ती पलटण १९२१ मध्ये मोडली होती. गरजेपुरता सैनिक आणि गरज संपली की अस्पृश्य, हा अनुभव टस्कीगीच्या वैमानिकांना नवा नव्हता आणि आपल्यालाही नव्हता.

चित्रपटातील सर्वात प्रभावी प्रसंग म्हणजे स्कॉटची साक्ष. दक्षिणेकडच्या राज्यात प्रशिक्षण घेत असताना काळ्या अधिकाऱ्यांना जिथे प्रवेश नव्हता तिथे जर्मन युद्धकैदी खुशाल बसत होते, असे तो सांगतो. टेरेन्स हॉवर्डने ही साक्ष आवाज न चढवता दिली आहे. काहींना ही पटकथाकाराची करामत वाटेल. ती तशी नाही. युद्धकाळात अमेरिकेत पावणेचार लाखांच्या आसपास जर्मन कैदी आणून ठेवले होते. २८ एप्रिल १९४४ च्या 'यँक' या सैनिकांच्या साप्ताहिकात कॉर्पोरल रूपर्ट ट्रिमिंगहॅम या काळ्या सैनिकाचे पत्र छापून आले. तो आणि त्याचे आठ सहकारी लुईझियानातून ॲरिझोनाकडे निघाले होते. वाटेत स्टेशनवरच्या उपाहारगृहात त्यांना बसू दिले नाही. मागे स्वयंपाकघरात जाऊन खा, असे सांगितले. इतक्यात दोन अमेरिकन पहारेकऱ्यांबरोबर दोन डझन जर्मन कैदी आले, टेबलाशी बसले, जेवले, गप्पा मारत सिगारेटी ओढत राहिले. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या ट्रिमिंगहॅमने संपादकांना विचारले की आम्ही लढतो आहोत ते कशासाठी? पुढे त्यानेच कळवले की त्याला २८७ पत्रे आली आणि त्यांपैकी १८३ सैन्यातल्या गोऱ्या स्त्रीपुरुषांची होती. हेही नोंदवले पाहिजे. दारावर पाटी लावणारे गोरेच होते, पण पाटीची लाज वाटणारेही त्यांच्यात निघाले.

न्यायाच्या बाबतीत तर वास्तव चित्रपटापेक्षा भयंकर होते. युरोपच्या रणभूमीवर अमेरिकन सैन्याने आपल्याच ७० सैनिकांना कोर्ट मार्शल करून मृत्युदंड दिला. त्यांतील ५५ काळे होते. सैन्यात काळ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असताना! स्कॉट हे पात्र काल्पनिक आहे. ज्या आकड्यांतून ते उभे राहिले ते काल्पनिक नाहीत.

आता व्हिसरबद्दल. हा जर्मन अधिकारी स्वतः येलमध्ये शिकलेला, जॅझ ऐकणारा. अमेरिकनांच्या वर्णद्वेषाची तो मजा घेतो. तुम्ही आम्हाला नावे ठेवता आणि तुमच्या बराकीत काय चालले आहे, असा त्याचा सूर. टोमणा खरा आहे, पण मारणारा कोण आहे? जेम्स व्हिटमन या येलच्याच प्राध्यापकाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की न्यूरेंबर्गचे वंशविषयक कायदे करण्यापूर्वी नाझी कायदेपंडितांनी अमेरिकेच्या वर्णभेदी कायद्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. ५ जून १९३४ च्या त्यांच्या बैठकीत अमेरिकन राज्यांच्या मिश्रविवाहबंदी कायद्यांवर चर्चा झाली होती. म्हणजे व्हिसर ज्याला हसतो तीच त्याच्या राज्याची एक शाळा होती. चित्रपटाने हा धागा अर्धवट सोडला. उलट या सुसंस्कृत जर्मनाबद्दल प्रेक्षकाला थोडे प्रेमच वाटावे अशी त्याची मांडणी केली. हे आम्हाला मान्य नाही. चित्रपट ज्या चढाईपासून सुरू होतो त्याच चढाईत, १७ डिसेंबर १९४४ रोजी, बेल्जियमच्या वेरेथ या खेड्यात शरण आलेल्या अकरा काळ्या अमेरिकन तोफखाना सैनिकांना एसएसच्या लोकांनी हाल करून ठार मारले. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या आफ्रिकन सैनिकांच्या तुकड्या शरण आल्या तेव्हाही काळे बाजूला काढून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

छावण्यांतही सगळे कैदी सारखे नव्हते. इंग्रज आणि अमेरिकन कैद्यांना रेडक्रॉसची पार्सले मिळत, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण अल्प होते. जर्मनांच्या हाती लागलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी सुमारे ३३ लाख मेले. उपासमारीने, थंडीने, गोळ्यांनी. सोव्हिएत युनियनने जिनिव्हा करारावर सही केली नाही, ही सबब पुढे केली गेली. खरे कारण नाझींच्या लेखी स्लाव्ह माणूस खालच्या प्रतीचा, हे होते. चित्रपटाने छावणीला स्टालाग सहा-अ असे नाव दिले आहे. त्या नावाची खरी छावणी वेस्टफालियातील हेमर येथे होती आणि तिथे हजारो सोव्हिएत कैदी मातीत गेले. वर गोरा अधिकारी, त्याखाली गोरा शिपाई, त्याखाली काळा, त्याखाली स्लाव्ह आणि ज्यूला तर शिडीवर पायरीच नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याहून वेगळे काय होते?

आणखी एक गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पाहावी. कैद्यांच्या हक्कांचा म्हणून गौरवलेला तो १९२९ चा करारच नवव्या कलमात म्हणतो की वेगवेगळ्या वंशांच्या वा राष्ट्रांच्या कैद्यांना शक्यतो एका छावणीत एकत्र ठेवू नये. म्हणजे वेगळी बराक कायद्याच्या आत्म्यातच बसवलेली होती. १९४९ च्या नव्या करारात वंश, धर्म, मत यांवरून कैद्यांत भेदभाव करू नये असे सोळावे कलम आले. मधल्या वीस वर्षांत जगाने किती प्रेते मोजली ते आपण जाणतोच.

गंमत म्हणजे प्रत्यक्ष अनुभव चित्रपटाच्या उलटही सापडतात. टस्कीगीच्या वैमानिकांपैकी बत्तीस जण युद्धकैदी झाले. अलेक्झांडर जेफरसन हे त्यांतील एक. १२ ऑगस्ट १९४४ रोजी फ्रान्समध्ये तुलाँजवळ त्यांचे विमान पडले. ते स्टालाग लुफ्ट तीनमध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खोलीत राहिले. त्यांना आपल्या खोलीत निवडून घेणारा अधिकारी दक्षिणेकडचा गोरा होता आणि कारण असे की हा काळा आहे म्हणजे जर्मनांचा हेर नक्की नसणार! जर्मन वायुदलाने आपल्याला अधिकाऱ्याप्रमाणे वागवले असे जेफरसन यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १९४५ मध्ये सुटका होऊन ते न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. जहाजाच्या फळीवरून खाली येताच एका गोऱ्या शिपायाने हात करून दाखवले, गोरे उजवीकडे, काळे डावीकडे. काळ्यांसाठी त्याने वापरलेला शब्द आम्ही इथे लिहीत नाही. जेफरसन २०२२ साली वारले.

चित्रपटाचा शेवट आम्हाला पटत नाही. स्कॉटला वाचवण्यासाठी हार्ट खुनाची कबुली स्वतःवर घेतो, भुयाराचा पत्ता लागल्यावर व्हिसर कैद्यांना गोळ्या घालायला निघतो, तेवढ्यात पळालेला कर्नल परत येऊन सगळी जबाबदारी घेतो आणि व्हिसरच्या गोळीने मरतो. कारखानाही उडतो. सगळे गोरे पावन होतात. ज्याचा जीव टांगणीला लागला होता तो स्कॉट शेवटी बाजूला उभा आणि कथा हार्टच्या मोठेपणाची. हॉलीवूडचे हे जुनेच दुखणे आहे. आपल्याकडच्या 'उद्धारक' नायकांच्या चित्रपटांशी त्याचे जवळचे नाते आहे. हक्क मिळवणाऱ्यापेक्षा हक्क देणाऱ्यावर कॅमेरा.

काळ्यांनी स्वतः काय केले ते पाहायचे तर एप्रिल १९४५ चे फ्रीमन फील्ड पाहावे. इंडियानातील या विमानतळावर अधिकाऱ्यांचे दोन क्लब होते. काळे आणि गोरे असे उघड लिहिता येत नव्हते, कारण लष्कराच्याच नियमात क्लब सर्व अधिकाऱ्यांना खुला होता. म्हणून तिथल्या कर्नलने युक्ती काढली, एक क्लब प्रशिक्षकांचा, एक प्रशिक्षणार्थींचा. काळे सगळेच प्रशिक्षणार्थी ठरले! काळे अधिकारी शांतपणे गोऱ्यांच्या क्लबात शिरले आणि अटक झाली. मग हा नियम मान्य आहे असे लिहून द्या, असा हुकूम निघाला. युद्धकाळात हुकूम मोडण्याची शिक्षा काय असू शकते हे त्यांना वाचून दाखवले गेले. तरी १०१ जणांनी सही नाकारली. रॉजर टेरी या एकाच लेफ्टनंटला शिक्षा झाली, तीही एका अधिकाऱ्याला धक्का दिल्याबद्दल. १९४८ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील वेगळेपणा संपवण्याचा आदेश काढला. टेरी यांची शिक्षा मात्र १९९५ साली पुसली गेली. पन्नास वर्षे. याच्या दोन वर्षे आधी नव्हे, एक वर्ष आधीही नव्हे. चवदार तळ्याचा खटलाही १९२७ पासून १९३७ पर्यंत चालला होता, ही आठवण इथे ओघाने येते. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डॉ. डुबॉईस यांना पत्र लिहून अमेरिकन काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडील निवेदनाची प्रत मागवली होती. दोन्हीकडच्या लोकांची स्थिती किती सारखी आहे हे त्यांना कोणत्याही चित्रपटाआधी माहीत होते.

जाता जाता या कथेच्या उगमाबद्दल. मूळ कादंबरी जॉन कॅट्झेनबाख यांची आणि तिला प्रेरणा त्यांच्या वडिलांच्या अनुभवाची. वडील निकोलस कॅट्झेनबाख १९४३ साली विमान पडून पकडले गेले, इटलीच्या आणि नंतर जर्मनीच्या छावण्यांत दोन वर्षांहून अधिक काळ राहिले. तिथे त्यांनी मिळतील ती पुस्तके वाचली आणि परतल्यावर परीक्षा देऊन पदवी घेतली. मग येलमध्ये कायदा. ११ जून १९६३ रोजी अलाबामा विद्यापीठाच्या दारात दोन काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस उभा राहिला, तेव्हा केंद्र सरकारच्या वतीने त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलेला अधिकारी तो हाच. पुढे ते अमेरिकेचे ॲटर्नी जनरल झाले. बर्मिंगहॅममधल्या एका उपाहारगृहाच्या मालकाने गोऱ्यांना आत टेबल आणि काळ्यांना फक्त पुडकी बांधून देण्याचा हक्क मागितला, तो खटला सर्वोच्च न्यायालयात 'कॅट्झेनबाख विरुद्ध मॅक्क्लंग' या नावाने गेला आणि १४ डिसेंबर १९६४ रोजी मालक हरला. ट्रिमिंगहॅमचे पत्र छापून आले त्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती.